घरच्या स्वयंपाकघरातून व्यवसाय: सुरू करण्याआधीचा हिशेब

महाराष्ट्रात घरातून चालणाऱ्या व्यवसायांमध्ये खाद्यपदार्थांचे व्यवसाय सर्वांत ठळकपणे दिसतात. पोळी-भाजीचे डबे, दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यातले पापड-कुरडया, लोणची, गोडा मसाला, गणपतीतले उकडीचे मोदक, वाढदिवसाचे केक असे कितीतरी पदार्थ गल्लोगल्लीच्या स्वयंपाकघरांतून विकले जातात. दुकानाचे भाडे नाही, अनामत नाही, शेगडी-भांडी घरात आहेतच आणि हाताला चव आहे, त्यामुळे सुरुवात सोपी वाटते. ती सोपी असतेही. अवघड असते ते आधीचे ठरवणे: या घरातून, या माणसांच्या बळावर, या पदार्थाचा धंदा परवडेल का? पाहुण्यांनी केलेल्या कौतुकातून त्याचे उत्तर मिळत नाही. घराची जागा, घरातल्यांचा वेळ आणि पदार्थाचा खरा खर्च कागदावर मांडला तर पहिली ऑर्डर घेण्याआधीच ते बरेचसे कळते. या तिन्हींपैकी वेळेचा हिशेब सर्वांत जास्त टाळला जातो, आणि घरगुती धंदे बहुधा तिथेच थकतात.

सगळे खाद्यव्यवसाय एकाच स्वभावाचे नसतात. रोजच्या डब्याचे गिऱ्हाईक बांधलेले असते, महिन्याला ठरलेली रक्कम येते, पण सुट्टी नसते. वीस डबे आणि डब्याला चार पोळ्या म्हटले की रोज ऐंशी पोळ्या झाल्या, घरच्या वेगळ्याच. मुंबईत डबेवाला ठरलेल्या वेळी दारात येतो, त्याला थांबवता येत नाही. घरात कोणी आजारी पडले, लग्नकार्य निघाले, तरी वीस माणसे जेवायची थांबलेली असतात. फराळाचे नेमके उलटे आहे. वर्षातले तीन-चार आठवडे रात्रंदिवस काम असते आणि बाकीचे महिने जवळजवळ शांत. लोणची, मसाले, वाळवण यांत माल करून ठेवता येतो, म्हणजे कामाचा वेग आपल्या हातात राहतो; पण हंगामात कच्चा माल एकदम घ्यावा लागतो आणि पैसे बरेच महिने बरण्यांत अडकून पडतात. केक, पुरणपोळ्या, मोदक हे ऑर्डरप्रमाणे करायचे पदार्थ. यांत माल पडून राहण्याची भीती कमी, पण सगळ्यांना तो एकाच दिवशी, एकाच वेळी हवा असतो.

उकडीच्या मोदकांचे उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. गणेश चतुर्थीला नैवेद्य दुपारपर्यंत दाखवायचा असतो. सारण आदल्या दिवशी करता येते, उकड मात्र त्याच दिवशी काढावी लागते, कारण शिळी उकड कोरडी पडते आणि कळ्या पाडताना चिरते. सरावलेल्या हाताला एका मोदकाला दोन मिनिटे लागतात असे धरले, तर एकवीस मोदकांच्या दहा ऑर्डरींचे दोनशे दहा मोदक नुसते वळायला सात तास हवेत. उकड मळणे, वाफवणे आणि पोहोचवणे यापुढे. म्हणजे एकट्या बाईला पहाटे दोन-तीनला उठूनही ही संख्या जेमतेम गाठता येते, आणि तिच्या स्वतःच्या घरचा गणपती त्याच सकाळी बसायचा असतो. दहाच्या ऐवजी पंचवीस ऑर्डरी आल्या म्हणून आनंदाने होकार देण्याआधी हा गुणाकार केलेला बरा. प्रत्येक पदार्थाची अशी एक कमाल मर्यादा असते. ती हातांची, शेगडीच्या तोंडांची आणि मोदकपात्राच्या आकाराची असते, मागणीची नव्हे.

घरातून अन्न विकण्याची परंपरा इथे जुनी आहे, आणि तिच्यातली दोन उदाहरणे निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले लिज्जत पापडचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली, आणि संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या कथेत सहसा ८० रुपयांचेच कौतुक होते. त्याहून शिकण्यासारखी आहे ती कामाची मांडणी. पीठ केंद्रावर एकाच मापाने मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात, वाळलेले पापड केंद्रावर तपासून, वजन करून घेतले जातात आणि लाटणीचे पैसे मिळतात. कच्चा माल खरेदी, दर्जा, पाकीट, विक्री, उधारी यांतले काहीही एकटीच्या डोक्यावर नसते. घरी बसून काम करणे आणि घरातून धंदा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना घराजवळचे उत्पन्न हवे आहे पण विक्रीची, वसुलीची धास्ती नको आहे, त्यांच्यासाठी बचत गट किंवा अशी संस्था हा कमी प्रतीचा पर्याय मुळीच नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांचे गट जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत.

दुसरे उदाहरण गिरणगावातल्या खानावळींचे. कोकण-घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार ज्या बायकांकडे जेवत, त्या वाण्याकडून उधारीवर किराणा उचलत, आणि उधारीचे व्याज त्यांची कमाई खाऊन टाकत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकांचे छोटे कर्ज मिळवून दिले, तेव्हा अनेकींची त्या चक्रातून सुटका झाली. पण जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि कामगारांचा पगार थांबला तसा खानावळींचा आधारही सुटला. स्वयंपाकात काही बदलले नव्हते, जेवणाऱ्यांच्या खिशात पैसे राहिले नव्हते. आजही एकाच कंपनीचे कर्मचारी, एकाच महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा एकाच गृहसंकुलातली कुटुंबे अशा एका गटावर धंदा उभा राहणार असेल, तर तो गट पांगल्यावर काय उरेल हे आधी पाहावे.

गिऱ्हाईक आहे की नाही, हे नातेवाइकांना विचारून कळत नाही. नातेवाईक चांगलेच म्हणतात आणि बरेचदा भिडेपोटी एकदा घेतातही. खरी परीक्षा अनोळखी माणसाने पूर्ण किंमत मोजून दुसऱ्यांदा घेतले का, ही आहे. त्यासाठी दोन-तीन महिने लहान प्रमाणात विक्री करून पाहावी आणि वहीत तीनच रकाने ठेवावेत: कोणी घेतले, किती घेतले, पुन्हा मागितले का. पहिल्या महिन्यातल्या ऑर्डरी कुतूहलाच्या असतात, तिसऱ्या महिन्यातल्या गरजेच्या. परिसरात तोच पदार्थ आणखी किती घरांतून विकला जातो, तो किती रुपयांना जातो आणि त्यांच्याकडे काय मिळत नाही, हेही याच काळात पाहता येते. मधुमेहींसाठी बिनसाखरेचे लाडू, उपवासाचे डबे, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी कमी तिखटाचे जेवण अशा अडलेल्या गरजा पुष्कळदा सर्वांना आवडणाऱ्या पदार्थापेक्षा टिकाऊ गिऱ्हाईक देतात.

आता पैशांचा हिशेब. समजा, पाच किलो भाजणीची चकली करायची आहे. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे-जिरे हे भाजणीचे साहित्य आणि गिरणीचे दळण मिळून ४५० रुपये, तेल ३५० रुपये, तीळ-तिखट-लोणी १०० रुपये, गॅस १२० रुपये, अर्धा किलोची दहा पाकिटे आणि चिठ्ठ्या ७५ रुपये. बेरीज १,०९५ रुपये. काही चकल्या मोडतात, काही चवीला जातात. त्या तुटीचे ५५ रुपये धरले की ११५० रुपये झाले, म्हणजे किलोला २३० रुपये. किलोला ४०० रुपये भाव ठेवला तर पाच किलोचे २,००० रुपये येतात आणि हातात ८५० रुपये उरतात. इथपर्यंतचा हिशेब बहुतेक जण करतात आणि खूश होतात.

पुढचा भाग राहून जातो. धान्य धुऊन, वाळवून भाजायला एक तास, गिरणीत जाण्या-येण्याला एक तास, पीठ भिजवून पाच किलो चकल्या पाडून तळायला चार तास, पाकिटे भरायला एक तास, फोन-निरोप-पोहोचवण्याला दोन तास. एकूण नऊ तास. ८५० रुपयांना नऊने भागले की ताशी साधारण ९४ रुपये पडतात. ही मजुरी मान्य आहे का, हा प्रश्न प्रत्येकीने स्वतःच्या परिस्थितीत सोडवायचा आहे. पण तो सोडवण्यासाठी आकडा समोर असायला हवा. हीच चकली दुकानात ठेवली आणि दुकानदाराने विक्रीवर पंचवीस टक्के घेतले, तर ५०० रुपये जातात, ३५० उरतात आणि ताशी कमाई ३९ रुपयांवर येते. मदतीला बाई ठेवायची तर तिला एवढ्यात कोणी येणार नाही. मग भाव वाढवणे, तळणीची मोठी कढई घेऊन वेळ वाचवणे किंवा दुकानाचा नाद सोडून थेट विक्रीवर राहणे, एवढेच मार्ग राहतात. स्वतःचे श्रम फुकट धरून लावलेला भाव आज स्वस्त म्हणून खपतो, आणि माणूस दमल्यावर तो वाढवताही येत नाही, कारण गिऱ्हाइकाला त्याची सवय झालेली असते. घरातल्या बाईच्या श्रमाला किंमत न लावण्याची जुनी खोड धंद्याच्या वहीतही उतरते. ती तिथे तरी मोडायला हवी.

या हिशेबात भांड्यांची झीज, वजनकाट्याची पडताळणी आणि पाकीट बंद करण्याचे यंत्र धरलेले नाही. विक्रीसाठी वापरायच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो. स्वयंपाकघरातला साधा काटा चालत नाही.

टिकाऊपणाची चाचणीही विक्रीआधी करायची असते. तळलेला पदार्थ दोन कारणांनी बिघडतो: हवेतली आर्द्रता शिरून तो मऊ पडतो, आणि हवेतल्या प्राणवायूने तेलातले मेदपदार्थ बदलून तो खवट होतो. उजेड आणि उष्णता या दुसऱ्या क्रियेला वेग देतात. म्हणून विकायच्याच पाकिटात, विकायच्याच पद्धतीने सहा-आठ पुड्या बांधून साध्या फडताळात ठेवाव्यात, दर आठवड्याला एक फोडून वास, कुरकुरीतपणा आणि चव पाहावी व तारखेसह लिहून ठेवावी. पाचव्या आठवड्यात किंचित खवट वास आला, तर चिठ्ठीवर सहा आठवडे लिहिता येत नाहीत, तीन-चारच लिहावे लागतात. चाचणी पावसाळ्यात केली तर अधिक विश्वासाची. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते आधीच अर्धे बिघडलेले असते. अन्नसुरक्षा नियमांनुसार तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’चे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकाला चालत नाही. तेलाचा रंग काळपट होणे, ते घट्ट वाटणे आणि लवकर धूर येणे ही घरात ओळखता येणारी लक्षणे. उरलेले तेल पुढच्या घाण्याला वापरून खर्च वाचवण्याचा विचार हिशेबात धरूच नये.

घर या कामाला पुरेल का, हे पाहताना ओट्याच्या लांबीपासून सुरुवात करावी. कच्चा माल, तयार माल आणि घरचे जेवण यांना वेगळी जागा मिळते का, पिण्यायोग्य पाणी पुरेसे येते का, मुंग्या-झुरळे-उंदरांचा बंदोबस्त आहे का, घरात मांजर-कुत्रे असेल तर ते स्वयंपाकघराबाहेर राहते का, हे प्रश्न अन्नसुरक्षेच्या नियमांतही येतात. गॅसचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो महाग असतो, आणि त्याचीच किंमत चकलीच्या हिशेबात धरायला हवी. विजेच्या बाबतीत महावितरणच्या दरपत्रकात थोडी सवलत आहे: राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय चालत असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. ओव्हन, डीप फ्रीजर, पिठाची चक्की आली की ही मर्यादा लवकर ओलांडली जाते. भाड्याच्या घरात करारनाम्यात ‘फक्त निवासी वापर’ असे कलम असतेच. मालकाची लेखी संमती आधी घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मिरची भाजल्याचा ठसका, तळणाचा वास आणि ऑर्डर न्यायला येणाऱ्यांची लिफ्टमधली ये-जा यांवरून कुरबुरी होतात. शेजाऱ्यांशी सुरुवातीलाच बोलून घेतले तर पुढची बरीच कटुता टळते.

कायद्याच्या बाजूने पहिली आणि न टळणारी गोष्ट म्हणजे अन्न व्यवसाय नोंदणी. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यानुसार घरातून अन्न विकणाऱ्यालाही ती लागते, मग ते महिन्याला दहा डबे का असेनात. लहान व्यावसायिकांसाठी साधी नोंदणी आणि मोठ्यांसाठी परवाना अशी विभागणी आहे. अनेक वर्षे ही सीमा वार्षिक १२ लाख रुपये उलाढालीवर होती. अशा मर्यादा बदलतात, त्यामुळे अर्ज करताना चालू आकडा पाहून घ्यावा. अर्ज ‘फॉस्कॉस’ या संकेतस्थळावर होतो आणि राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याबरोबर घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, नाव-पत्ता आणि शाकाहारी पदार्थावर हिरवे चिन्ह हवे. शेंगदाणे, दूध, गहू, तीळ यांसारख्या घटकांची नोंद कायद्यापलीकडेही महत्त्वाची आहे, कारण एखाद्याला त्यांचे वावडे असू शकते.

जीएसटी बहुतेक घरगुती व्यावसायिकांना सुरुवातीला लागत नाही. फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांची आणि सेवा देणाऱ्यांसाठी २० लाखांची मर्यादा आहे. शिजवलेले जेवण पुरवणे सेवेत मोडते. मात्र एक अपवाद फराळवाल्यांना अडचणीत आणतो. बंगळूरला किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाला माल विकून पाठवला, तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. दिवाळीत अमेरिकेतल्या मुलांसाठी पुण्यातून आई-वडील फराळ विकत घेऊन स्वतः पाठवतात, तो व्यवहार पुण्यातला. व्यावसायिकाने थेट परदेशी विक्री करायची ठरवली की नियम बदलतात. ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर, विनामूल्य होते. ती करून देण्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात.

भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरवले गेले, आणि ते कर्जाशी जोडलेले आहे. रोख रक्कम म्हणून ते हातात येत नाही. त्यामुळे आधी अनुदान शून्य धरून हिशेब मांडावा. त्यात धंदा बसत असेल तरच कर्जाकडे वळावे. अनुदान मिळते म्हणून घेतलेली यंत्रे पुष्कळ घरांत चादरीखाली झाकलेली दिसतात. पहिल्या सहा महिन्यांत लागणारे भांडवल शक्यतो बचतीतले असावे आणि ते बुडाले तरी मुलांची फी किंवा घराचा हप्ता अडणार नाही एवढेच असावे.

पैशांचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे हवे. यूपीआयवर आलेले पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळले की नफा झाला की बचत खाल्ली हे कोणालाच सांगता येत नाही. उधारीचा नियमही आधीच सांगून टाकावा: डब्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला, फराळाची निम्मी रक्कम ऑर्डर देताना. ओळखीतल्यांकडून आगाऊ मागणे जड जाते, पण बुडालेली उधारी बहुधा ओळखीतलीच असते.

घरातल्या माणसांशी करायचे बोलणे तितकेच ठोस हवे. ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढ्याने भागत नाही. ऑर्डरीच्या दिवशी घरचा स्वयंपाक कोण करणार, मुलाला शाळेतून कोण आणणार, वाणसामान कोण उचलणार, भांडी कोण घासणार, याची नावे ठरायला हवीत. तसे झाले नाही तर घरकाम आहे तेवढेच राहते आणि धंदा त्याच्यावर चढतो. लहान बाळ, अंथरुणावरचे वडीलधारे किंवा पाठीचे दुखणे असेल, तर रोजच्या डब्याऐवजी महिन्यातून दोनदा करायचा मसाला निवडणे शहाणपणाचे ठरते. कधी यंदा नको, दोन वर्षांनी पाहू, हाही योग्य निर्णय असतो.

चाचणीचा काळ संपण्याआधी थांबण्याची अटही लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, सहाव्या महिन्यात ताशी कमाई ठरवलेल्या आकड्याखाली असेल आणि पुन्हा मागणारी गिऱ्हाइके निम्म्याहून कमी असतील, तर हा पदार्थ बंद. तेव्हा घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या कराव्यात, आगाऊ घेतलेले पैसे परत करावेत, शिल्लक पाकिटे तारीख उलटण्याआधी संपवावीत आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. उलट मागणी हातांच्या मर्यादेबाहेर जात असेल, पगारी मदतनीस धरूनही हिशेब जमत असेल आणि तयार माल बैठकीच्या खोलीत साठू लागला असेल, तर धंदा घराबाहेर नेण्याची वेळ आली असे समजावे. मग गाळ्याचे भाडे, व्यावसायिक वीजदर, कामगारांची नोंद आणि उलाढालीनुसार अन्न परवाना हे सगळे खर्च नव्याने धरून किलोमागचा भाव पुन्हा मांडावा लागतो.